कमळाच्या चिखलासाठी ठाण्यात चार दिवस

सातवीच्या वर्गात पाणवनस्पतींचा पाठ चालू होता. "चिखलातही कमळ फुलतं," हे वाक्य मी दरवर्षी म्हणते, तसं यंदाही म्हटलं. दुसऱ्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "बाई, मग चिखल काढून टाकला तर कमळ आणखी चांगलं येईल ना?" वर्गाला प्रश्न पटला होता. नाही, असं मी सांगितलं, पण का नाही ते मला नीट सांगता येईना. कमळ मी देवघरात पाहिलं होतं, पुस्तकात पाहिलं होतं. तळ्याकाठी बसून कधीच पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ठाण्याहून दादानं, म्हणजे माझ्या आतेभावानं, नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या लोटस लेकचा फोटो पाठवला. गुलाबी फुलांनी भरलेलं तळं आणि मागं टोलेजंग इमारती. आत्या नौपाड्यात राहते, त्यामुळं मुक्कामाची चिंता नव्हती. भाद्रपद संपत आला होता. शनिवार-रविवारला दोन रजा जोडल्या आणि सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघाले.

शनिवार : जांभळी नाका आणि तलावपाळी

आत्याचं वय चौऱ्याहत्तर, पण चालण्यात मी मागं पडते. चहा झाल्याबरोबर ती म्हणाली, "आधी बाजारात चल. कमळ कुठून येतं ते बाजाराला माहीत असतं." जांभळी नाक्याच्या फूलबाजारात त्या दिवशी गर्दी नव्हती. पितृपक्ष चालू होता. झेंडूचे ढीग तसेच पडून होते.

एका टोपलीत गुलाबी कळ्या दिसल्या. मी लगेच "कमळं केवढ्याला?" म्हणून विचारलं. फूलवाल्या मावशींनी माझ्याकडं एकदा नीट बघून घेतलं. "पूजेला पाहिजे का बघायला?" बघायला, म्हटलं. मग त्यांनी ती टोपली बाजूला सरकवली आणि गोणपाटाखालून दुसरी काढली. "ही खरी. ती कमळं म्हणूनच जातात, पण ती कुमुदिनी."

पाटावरच त्यांनी दोन्ही फुलं उघडून दाखवली. कुमुदिनीच्या मध्यभागी नुसते केसर. कमळाच्या मध्यभागी मात्र झाऱ्याच्या तोंडासारखा पिवळा, सपाट भाग, त्यावर ठिपके. तेच पुढं वाढून बियांचं घर होतं. पानांत तर चुकायला जागाच नाही. कुमुदिनीच्या पानाला देठापर्यंत चीर असते आणि ते पाण्यावर पसरून राहतं. कमळाचं पान अखंड गोल, देठ बरोबर मधोमध, आणि वाढलेलं पान पाण्याच्या वर छत्रीसारखं उभं. मी वर्गात दोन्हींची चित्रं शेजारी शेजारी काढत आले आहे, आणि मला वाटायचं की ही सख्खी भावंडं. वनस्पतिशास्त्र वेगळंच सांगतं. कमळाचं जवळचं नातं कुमुदिनीशी नाही, ते काश्मीरच्या चिनाराशी आणि आपल्याकडं रस्त्याकडेला लावतात त्या सिल्व्हर ओकशी आहे. दोघींचा चेहरा सारखा झाला तो पाण्यात राहून.

"घटस्थापनेला आला असता तर मी बोललेच नसते," मावशी हसून म्हणाल्या. "तेव्हा श्वास घ्यायला सवड नसते." फुलं कुठून येतात ते विचारल्यावर त्यांनी कल्याण-शीळ बाजूच्या एका गावातल्या काकांना फोन लावला आणि सरळ माझ्या हातात दिला. मंगळवारी सकाळी यायचं ठरलं.

आत्यानं एक कमळ घेतलं. मावशींनी कळीच्या बाहेरच्या पाकळ्या एकेक करून आत दुमडल्या, आणि बघता बघता त्याचं उमललेलं फूल झालं. तोडलेली कळी घरच्या पाण्यात सहसा उमलत नाही, म्हणून ही युक्ती.

तिथून तलावपाळी दोन मिनिटांवर. कोपिनेश्वराचं दर्शन घेतलं. ठाणं मराठ्यांकडं आल्यावर सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी 1760 साली हे देऊळ बांधलं, पण इथलं शिवस्थान शिलाहारांच्या काळापासूनचं मानतात. समोर मासुंदा तलाव. दुपारी ढग दाटून आले, पाणी शिसवी रंगाचं झालं आणि वारा असा सुटला की आत्यानं पदर डोक्यावर घेतला. नावा फिरत होत्या, कॉलेजची मुलं कठड्यावर बसली होती. मला ठाणेकरांचा हेवा वाटला. स्टेशनपासून इतक्या जवळ एवढं पाणी!

कमळ मात्र नव्हतं. "आमच्या लहानपणी घराजवळच्या तळ्यात होती," आत्या म्हणाली. "काठावरून हात लांब केला की पान मिळायचं. पावसात डोक्यावर धरून शाळेत जायचो." ते तळं आता बुजलं. तलावांचं शहर म्हणून ठाण्याचं नाव आहे, आणि उरलेले तलाव जपायची धडपडही दिसते. पण काठ बघत चालले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. दगडी भिंत सरळ पाण्यात उतरते. कमळाला काठ उतरता लागतो. गुडघ्याएवढ्या पाण्यापासून पुरुषभर पाण्यापर्यंत मऊ गाळाचा उतार मिळाला की ते पसरतं. भिंतीला धरून त्याला वाढता येत नाही.

रात्री आत्यानं मुगाची खिचडी केली. दुपारची मामलेदारची मिसळ जिभेवर अजून जळत होती, त्यामुळं ती अमृतासारखी लागली. (सांगली-कोल्हापूरकरांनो, तिखटाची फुशारकी ठाण्याला येताना घरी ठेवून या.)

रविवार : सीवूड्स

कमळ बघायचं तर पहाटे, हे दादानं आधीच बजावलं होतं. ठाण्याहून पनवेलकडं जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल पकडली आणि सीवूड्स-दारावेला उतरलो. रिक्षावाल्याला "लोटस लेक" म्हटलं तर त्यानं मान हलवली. "टी. एस. चाणक्यकडं" (ही जवळची सागरी प्रशिक्षण संस्था) म्हटल्यावर लगेच निघाला. तुम्हीही तसंच सांगा.

उजाडत होतं. बारीक पाऊस येऊन गेला होता. कठड्याशी पोचलो आणि मी काही वेळ बोललेच नाही.

फोटोत फुलं दिसतात, तिथं आधी पानं दिसतात. शेकडो निळसर-हिरवी पानं, काही पाण्यावर टेकलेली, बरीचशी कमरेएवढ्या उंचीवर उभी, आणि प्रत्येकात मधोमध पाण्याचा एक गोळा. वारा आला की सगळी पानं एका बाजूला कलायची आणि ते गोळे एकदम खळकन खाली ओतले जायचे. तो आवाज मी सांगलीला येईपर्यंत कानात घेऊन आले आहे. पानाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे मेणाचे उंचवटे असतात. त्यांच्या टोकांवर थेंब तोलून राहतो, पानाला चिकटत नाही, आणि घरंगळताना धूळ सोबत घेऊन जातो. हे मी किती वेळा शिकवलं असेल! शिकवताना ते मेणापाशी संपायचं.

दुर्बीण घेऊन आलेले एक आजोबा रोज इथं फिरायला येतात. त्यांनी बोट दाखवलं तिकडं पानांवरून एक पक्षी चालत होता. पाय काड्यांसारखे, बोटं अतोनात लांब. कमळपक्षी. लांब बोटांमुळं वजन विभागलं जातं आणि पान बुडत नाही. "मागं पिल्लं आहेत ना, ती बापाबरोबर आहेत," आजोबा म्हणाले. "आई अंडी घालून दुसरीकडं संसार मांडते. उबवणं, सांभाळणं सगळं बापाकडं." कापसाच्या बोळ्याएवढी तीन पिल्लं होती. घार वरून गेली तसा बापानं हलकासा आवाज काढला आणि तिन्ही पिल्लं त्याच्या पंखांखाली गेली. पंखाखालून नुसते पाय लोंबत राहिले.

साडेसहाच्या सुमारास काठाजवळचं एक मिटलेलं फूल उघडू लागलं. पाकळ्या सैल झाल्या, आणि आतून परागांनी माखलेला एक छोटा भुंगेरा बाहेर पडला. माझ्या अंगावर काटा आला. लाकूड पोखरणारा भुंगा कमळाच्या पाकळीत मात्र अडकून पडतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यामागची गोष्ट अशी आहे. पहिल्या दिवशी फूल परागकण घ्यायला तयार असतं, पण त्याचे स्वतःचे पराग तयार नसतात. संध्याकाळी ते मिटतं आणि आत आलेले कीटक रात्रभर आत राहतात. कमळाचं फूल स्वतःची ऊब तयार करतं. बाहेर हवा 10 अंशांपर्यंत उतरली तरी आत 30 ते 36 अंश राहतात, असं ऑस्ट्रेलियात अॅडलेडच्या वनस्पती उद्यानात मोजलेलं आहे. सकाळी फूल उघडतं तोवर पराग तयार झालेले असतात आणि पाहुणा ते अंगावर घेऊन दुसऱ्या फुलाकडं जातो. त्या भुंगेऱ्याला मी कैदी म्हणणार नाही. त्याला रात्रीचा निवारा मिळाला होता.

पलीकडं थोड्याच अंतरावर कांदळवन आणि खारी खाडी. कमळाला खारं पाणी चालत नाही. गोडं आणि खारं इतक्या जवळ नांदतंय ते पाहून नवल वाटलं आणि धास्तीही. मध्ये जे काही थोडकं आहे, ते राहायला हवं. इमारती बघून मला तसं वाटलं, आजोबाही तेच म्हणाले.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: सहाच्या आत पोचा, नऊनंतर ऊन चढतं आणि फुलं मिटायला लागतात. पावसाळी बूट घाला, काठ निसरडा आहे. पाण्यात पाय घालू नका, गाळ किती खोल आहे ते वरून कळत नाही. फुलं तोडू नका. रोहित पक्ष्यांसाठी यायचं असेल तर ही वेळ नव्हे, साधारण नोव्हेंबर ते मे या काळात या.

सोमवार : उल्हासनगर

दादाला ऑफिस होतं. वहिनी म्हणाली, "कमळ खाल्लंयस का कधी? चल." ती उल्हासनगरची. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांमधून 1949 साली हे शहर उभं राहिलं, आणि त्या कुटुंबांनी सिंधू नदीकाठची एक चव सोबत आणली. कमळकाकडी. सिंधीत "भी".

आधी दालपकवान खाल्लं. पकवान इतकं कुरकुरीत की बोलणं थांबवावं लागलं. मग बाजारात. मातीनं माखलेल्या, मनगटाएवढ्या जाड भी एकमेकींना साखळीसारख्या जोडलेल्या होत्या. पाण्याखालच्या चिखलात आडवं पसरणारं हे कमळाचं खोड. लोक त्याला मूळ म्हणतात, पण पेरं बघितली की खोड हे लगेच कळतं. वहिनीनं निवडायची रीत शिकवली. दोन्ही टोकं बंद असलेलंच घ्यायचं. टोक उघडं असेल तर आतल्या नळ्यांत चिखल शिरलेला असतो आणि तो शेवटपर्यंत निघत नाही.

घरी येऊन तिनं चकत्या कापल्या. प्रत्येक चकतीत गोलाकार भोकं. कुकरला सहा शिट्ट्या दिल्या, मग कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात बटाट्याबरोबर घातल्या. चावताना करकर आवाज, आणि तुकडा तोडला की कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू लांबत जातात. मला भाजीपेक्षा ती भोकंच जास्त आवडली. त्यांचं कारण दुसऱ्या दिवशी हातात आलं.

बाजारातल्या एका गैरसमजाबद्दल सांगते, कारण मीही तोच बाळगून होते. उपासाचे मखाणे म्हणजे कमळाच्या बियांच्या लाह्या नव्हेत. मखाणा ही वेगळी पाणवनस्पती, कुमुदिनीच्या कुळातली, पानांवर काटे असणारी, बिहारच्या मिथिलेत पिकणारी. कमळाचं बी म्हणजे जपमाळेतला तो काळा, दगडासारखा कमळगट्टा.

मंगळवार : काकांचं तळं

गावाचं नाव मी लिहीत नाही. काकांनी तशी विनंती केली. मागं कुणीतरी फोटो टाकले, तर रविवारी गाड्या भरून माणसं आली आणि फुलांबरोबर वेली उपटून गेली.

डोंबिवलीहून रिक्षा, मग पंधरा मिनिटं भाताच्या बांधांवरून. भात निसवत होता. पोचले तेव्हा काका पाण्यात होते, ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब पोटाशी धरून. काठावर कळ्यांचे गठ्ठे कमळाच्याच पानांत बांधून ठेवले होते. मी उत्साहानं पुढं झाले, तशी काकी ओरडली, "गालान पाय नको घालू गो, खाली जाशील!" गाल म्हणजे गाळ.

काका बाहेर आले तेव्हा त्यांच्या दंडांवर आणि छातीवर बारीक ओरखडे दिसले. कमळाच्या देठाला काटे असतात. मऊ, शांत दिसणाऱ्या या झाडाबद्दल हे मला माहीत नव्हतं.

त्यांचा नातू, असेल आठ वर्षांचा, त्यानं देठासकट एक मोठं पान तोडून आणलं. पानाच्या खळग्यात ओंजळभर पाणी ओतलं, देठाचं दुसरं टोक तोंडात धरलं आणि फुंकर मारली. पानाच्या बरोबर मध्यभागातून बुडबुडे आले. मी ते पान त्याच्याकडून जवळजवळ हिसकावून घेतलं आणि स्वतः फुंकलं. पुन्हा बुडबुडे. कालच्या चकतीतली भोकं आणि हे बुडबुडे एकाच वाटेवरचे. चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच. उन्हानं तापलेलं पान हवा आत घेतं, ती दाबानं देठातून खाली खोडापर्यंत जाते आणि दुसऱ्या वाटेनं वर येऊन पानाच्या मध्यातून बाहेर पडते. म्हणजे चिखलात राहणारं झाड चिखलापर्यंत वारा पोचवतं. शाळेत आता हाच प्रयोग करायचा.

मी काकांना वर्गातल्या मुलीचा प्रश्न विचारला. ते थोडा वेळ तळ्याकडं बघत राहिले. मग पलीकडच्या गावाकडं बोट केलं. तिथल्या तळ्याचं सुशोभीकरण झालं. जेसीबी लावून सगळा गाळ उचलला, चारी बाजूंनी दगड बांधला, दिवे लावले. "गाल काढला नं कमल बी गेला," ते म्हणाले. गाळाबरोबर खोडं गेली, बिया गेल्या.

"मग गाळ काढायचाच नाही का?"

"काढाचा. पन सगला नाय."

दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते एकाच कोपऱ्यातला गाळ काढतात आणि शेतात टाकतात. पुढच्या वर्षी दुसरा कोपरा. चार वर्षांत तळ्याभोवती फेरी पुरी होते. तळं बुजत नाही, भाताला खत मिळतं, आणि रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात शेजारचं कमळ पावसाळ्यात परत सरकतं. हे त्यांना वडिलांनी शिकवलं.

त्यांची खरी काळजी वेगळी आहे. तळ्याच्या एका टोकाला जलपर्णी आली आहे. मुळची दक्षिण अमेरिकेतली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये शोभेची म्हणून आलेली. फूल जांभळं आणि देखणं असतं. तिला चिखल लागत नाही. ती तरंगते, मुळं नुसती पाण्यात लोंबतात, आणि पाण्यात सांडपाणी मिसळलं की दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. वरच्या अंगाला नव्या चाळी झाल्या, त्यांचं गटार तळ्यात येतं. तेव्हापासून काका दर पंधरवड्याला जलपर्णी ओढून काठावर टाकतात. मीही तासभर ओढली. पाण्यानं भरलेला तिचा एक झुपका उचलताना कंबर बोलते. साठीतला माणूस हे एकटा करतो, आणि बाजारात त्याच्या कमळाशेजारी कुमुदिनी त्याच भावानं विकली जाते, हे मला फार लागलं.

जेवायला काकीनं तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. ताटाखाली कमळाचं पान. आमटीचा ओघळ पानावर पडला आणि मोत्यासारखा होऊन जमिनीवर उडाला. नातू हसत सुटला. पैसे काकांनी घेतले नाहीत, म्हणून बियांचं वाळलेलं एक बोंड मागून घेतलं आणि नातवाच्या हातात वह्यांसाठी म्हणून काही ठेवलं.

घरी आल्यावर

बोंडातून अठरा बिया निघाल्या. कमळाच्या बियांचं कवच विलक्षण असतं. ईशान्य चीनमधल्या एका आटलेल्या तळ्याच्या गाळात सुमारे 1300 वर्षं पडून राहिलेलं बी शास्त्रज्ञांनी रुजवलं होतं. एवढी वर्षं ते सांभाळलं कुणी, तर गाळानं.

तुम्हाला लावायचं असेल तर बियाच्या खड्डा असलेल्या बाजूला कानशीनं घासा, आतला पांढरा भाग दिसला की थांबा. ग्लासभर कोमट पाण्यात टाका, रोज पाणी बदला. आठवडाभराच्या आत कोंब येतो. मग भोक नसलेलं पसरट घमेलं घ्या आणि त्यात शेताची चिकण माती भरा. कुंडीसाठी मिळणारं कोकोपीट वापरू नका, ते तरंगतं. वर चार-पाच बोटं पाणी ठेवा आणि दिवसभर ऊन मिळेल अशी जागा निवडा. डास होऊ नयेत म्हणून दोन गप्पी मासे सोडा.

आमचं घमेलं शाळेच्या पायरीशेजारी आहे. माती त्याच मुलीनं आणली, कृष्णेकाठच्या त्यांच्या मळ्यातली, डोक्यावर पाटी घेऊन. अठरापैकी अकरा रुजल्या. आज तेविसावा दिवस. चार छोटी पानं पाण्यावर टेकली आहेत. पहिली पानं अशी तरंगतातच. ताठ उभं राहणारं पान अजून यायचं आहे, आणि मधल्या सुट्टीत ती रोज येऊन बोटानं पाण्याची खोली मोजते.